लग्नातला पाटा

“तपासणीचा निकाल नवऱ्याला एकटीनं सांगू नकोस, त्याला इथं घेऊन ये,” नर्सचं हे बोलणं ओदिलियानं हसण्यावारी नेलं. सीमेपलीकडच्या कॅलिफोर्नियातून तिचा नवरा इलारियो जत्रेला मेक्सिकोतल्या घरी आला. लग्नात धर्ममातेनं नाचत आणलेल्या पाट्यावर मका वाटताना तिनं सांगितलं, “गर्भाशयाच्या तोंडाशी विषाणूनं जखम केलीय. संगातून लागतो म्हणे. सोमवारी दवाखान्यात जाळून घेतली नाही, तर कॅन्सर होईल.” “मी तिकडे द्राक्षं तोडतोय, इकडे तू कोणाला जेवू घालतेस?” त्यानं तिचं कपाळ पाट्यावर आदळलं. मका लाल झाला. दुसऱ्यांदा आदळणार, तोच चुलीपाशी बसलेल्या सासूनं वरवंटा घालून त्याचं उजवं मनगट मोडलं. “तुझा बापही तिकडून असाच रोग घेऊन यायचा रे. माझी पिशवी त्यापायीच काढली.” दोघींना कोंडून इलारियोनं डाव्या हातानं बाहेरून कडी घातली. सोमवारी दवाखान्यात कपाळ फुटलेली बाई दिसली नाही, तर तेवढं त्यांचं दार वाजवा.