बोर्गहिल्डची जागा

एका दुपारच्या पायपिटीच्या बदल्यात ओडवारला जन्मभराची पिवळी अळंबी मिळणार होती. सौदा इतका फायद्याचा, की त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत नव्हतं.

त्या दरीत शेजाऱ्याला पगार विचारला तरी कुणी रागवत नाही. अळंबीची जागा मात्र विचारायची नसते. आई लेकीलाही सांगत नाही. ओडवारची शेजारीण बोर्गहिल्ड, तिनं तर नवऱ्यालाही सांगितली नव्हती, आणि तो बिचारा न कळताच गेला.

ओडवारनंही कधी विचारलं नाही. विधुर माणूस, शेजारधर्म पाळणारा. दर हिवाळ्यात ट्रॅक्टर काढून तिच्या वाटेवरचा बर्फ हटवायचा, तिची लाकडं फोडून द्यायचा. आणि शरद ऋतू आला की स्वयंपाकघराच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसायचा. रिकामी टोपली घेऊन रेव्होसेनची टेकडी चढणारी बोर्गहिल्ड झाडीत शिरेपर्यंत दिसायची, पुढे नाही. संध्याकाळी ती त्याच्या मागच्या दारी उभी असायची, टोपली काठोकाठ. त्यातली वाडगाभर अळंबी त्याला द्यायची. तो मनापासून आभार मानायचा आणि मनापासून जळायचा.

यंदा तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता. एकटीनं रानात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"टेकडीवर येतोस का?" तिनं कुंपणावरून विचारलं. "जागा दाखवीन. पण मला माथ्यापर्यंत न्यायचं. अर्ध्यातून परत फिरणार नाही मी."

"कसली जागा?"

"तुझ्या दुर्बिणीला विचार."

ओडवारचे कान लाल झाले. तो बूट घालायला गेला.

पिशवी त्यानं घेतली. तीत कॉफीचा थर्मास, तपकिरी चीज घातलेले वॅफल, संत्री, चॉकलेट. टोपलीही त्यानंच घेतली. बर्चची पानं पिवळी पडली होती, वाट ओली होती. तिची काठी दगडांवर टकटक वाजत होती, आणि तो प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी डोळे लावून चालत होता.

"अरे, पुढे बघ," ती म्हणाली. "मी पडले तर जागाही गेली."

मग मात्र त्यानं तिच्यावरची नजर हलवली नाही. चढावर हात दिला, ओढ्यावर तर जवळजवळ उचललंच.

"हळू! मी काय लाकडाची मोळी आहे?"

"मोळी गप्प असते."

माथ्यावर बोर्गहिल्डनं चढून येणाऱ्यांनी रचलेल्या दगडांच्या ढिगावर आपला एक दगड ठेवला, काठी उंचावली आणि दरीभर घुमेल अशी आरोळी ठोकली. "बघ रे! नवा सांधा, जुनी बाई, आणि टेकडी पायाखाली!" तिचे डोळे भरून आले होते. ओडवारलाही भरून आलं. मग त्याला टोपली आठवली.

"इथं तर काहीच नाही."

"इथं आहे असं मी म्हटलं का? कॉफी ओत."

उतरताना तिनं नेहमीची वाट सोडून दुसरी बाजू धरली. धुकं खाली आलं होतं, दिशा कळत नव्हती. या अंगानं ओडवार कधी उतरला नव्हता. हवं ते वरच असणार, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. वाट कसली, रानच होतं. पण बोर्गहिल्ड एकदाही अडखळली नाही.

बरंच खाली आल्यावर ती जुन्या बर्चच्या एका दाट राईत थांबली.

"शपथ घे. कुणाला सांगणार नाहीस. आणि मी आहे तोवर माझ्या वाटेवरचा बर्फ तू काढशील."

"घेतली. दोन्हींची."

तिनं काठीनं फांदी बाजूला सारली.

शेवाळावर पिवळा सडा पडला होता. ओडवार गुडघ्यांवरच बसला. जर्दाळूसारखा तो वास! टोपली भरली, मग त्यानं टोपी काढून तीही भरली. अख्खी दरी जे शोधत होती ते त्याच्या ओंजळीत होतं. एवढ्या हिवाळ्यांचं बर्फ उपसणं आज वसूल झालं होतं.

"तुझ्यावर फार जळायचो गं मी," तो म्हणाला. "आज फिटलं सगळं."

"फिटलं ना? मग झालं तर."

पाठ सरळ करायला तो उभा राहिला. वाऱ्यानं धुकं जरा विरलं. बर्चच्या आडून एक लाल भिंत दिसली. लाकडांची खोप. तिच्याशेजारी त्याचा ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरच्या मागे त्याच्या स्वतःच्या घराचं मागचं दार.

"आतून वाडगा घेऊन ये," बोर्गहिल्ड म्हणाली. "तुझा वाटा काढते."