खिशातली वजनं

"दोन्ही हातात धर आणि मग बोल," म्हणत दुकानदाराने काचेवर दोन वजनं ठेवली. मासे धरायच्या गळाला लावायची. एक शिशाचं, दुसरं टंगस्टनचं. भार दोघांचा सारखाच, पण टंगस्टनचं बरंच लहान.

आबांनी ती धरली, ठेवली, पुन्हा उचलली. मग उठून दाराशी गेले, रस्त्यावर उगाच नजर टाकली आणि परत येऊन स्टुलावर बसले.

"अरे, बूड टेकव की एका जागी! चाळीस वर्षं शिसं वापरलंस. आता म्हातारपणी हे टंगस्टनचं खूळ कुठून काढलंस?"

"चांगलं असतं म्हणतात."

"चांगलं? एक नंबर! खाली चिखल आहे की दगड, हाताला लगेच कळतं. पण दातांनी दाबायला जाऊ नकोस हां. भलतं कडक असतं. कवळी हातात येईल." दुकानदार स्वतःच्याच विनोदावर हसला.

आबांना हसू आलं नाही. शिशाची चिरलेली गोळी दोरीवर बसवायची आणि दाढेखाली दाबायची, ही त्यांची जन्माची सवय. गोळ्याही विकतच्या नव्हेत. याच दुकानाच्या मागच्या अंगणात, जुन्या पळीत शिसं वितळवून आबा त्या स्वतः ओतायचे. तळ्यावरचे लोक मागून न्यायचे, आणि आबा वर चार गोष्टी सुनावून द्यायचे.

"बरं, नात कशी आहे? ताप उतरला का?"

"ताप नव्हताच. तिच्या रक्तात शिसं निघालंय."

दुकानदाराचं हसू जागच्या जागी थांबलं.

तीन आठवडे झाले होते. दीड वर्षाची पोर, खायचं नाव घेत नव्हती. चार पावलं टाकायला शिकली होती, तीही विसरली. डॉक्टरांनी विचारलं, घरात शिशाचं काही काम चालतं का? मुलगा नाही म्हणाला, सून नाही म्हणाली, आबाही नाही म्हणाले. खोटं कुठे होतं? घरात ते थोडंच काही वितळवत होते! पण तेव्हापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सुनेने खेळणी फेकली, भांडी बदलली, नळाचं पाणी तपासायला दिलं. आणि आज आबा कोणाला न सांगता टंगस्टन बघायला आले होते.

"पण तू तर इथे ओततोस," दुकानदार म्हणाला. "घरी कशातून नेतोस?"

आबांचा हात आपसूक शर्टाच्या खिशावर गेला. हा त्यांचा मासे धरायला जायचा शर्ट. तो धुवायचा नाही. धुतला की मासा फिरकत नाही, असं तळ्यावर सगळेच मानायचे. सुनेने एकदा बादलीत टाकला होता, तर आबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. खिशात पाच-सहा गोळ्या होत्या. त्या काढून त्यांनी खिसा उलटा केला. आतून काळाकुट्ट. वरची कड चघळून चघळून दोरे निघालेली, सकाळची अजून ओलसर.

नात झोपायची ती त्यांच्या छातीवरच, याच शर्टावर. खिशाची कड तोंडात घेतल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे, आणि आबांना त्याचं कोण कौतुक! काखेत कळसा नि गावाला वळसा.

"हे बघ," दुकानदार काचेवरून पुढे वाकला. "टंगस्टन घेऊन जा. शर्ट टाकून देऊ. पोर आपोआप बरी होईल. अळीमिळी गुपचिळी. कोणाला कळतंय?"

आबाही खरं तर गुपचूप शिसं सोडायचं, कोणाला काही सांगायचं नाही, असंच ठरवून आले होते. त्यांनी टंगस्टनचं वजन मुठीत घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. सुनेचा होता.

"बाबा, पाण्याचा रिपोर्ट आला. पाणी चांगलं आहे." तिचा आवाज बसला होता. "म्हणजे भिंतींचा रंगच असणार. उद्या माणसं येऊन खरवडणार आहेत. तुम्ही कुठे आहात? ही झोपेला आलीय, माझ्याकडे राहत नाही. आबा, आबा करतेय. लवकर या ना."

मागे पोर रडत होती. 'आलोच' एवढं म्हटलं की झालं होतं. खरं सांगितलं तर ही पोर पुन्हा आपल्या छातीवर कोणी ठेवणार नाही, हे आबांना स्वच्छ दिसत होतं. ते उठून दाराशी गेले, परत आले.

"सूनबाई, माणसं बोलावू नकोस," ते म्हणाले. "रंग नाही तो. माझ्या गळाच्या गोळ्या शिशाच्या आहेत. या शर्टाच्या खिशात असतात, आणि हाच खिसा ती चघळते. आधी डॉक्टरांना फोन कर. आणि मी आलो तरी तिला माझ्याकडे देऊ नकोस."

पलीकडे पोरीचं रडणं फोनजवळ आलं; सूनबाईने तिला उचलून घेतलं होतं. मग तिने विचारलं, "बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

समोरून दुकानदार हाताने खुणावत होता: आत्ताच, आत्ताच म्हण.

"खिसा आत्ता बघितला," आबा म्हणाले. "भीती डॉक्टरांनी विचारलं त्या दिवसापासून होती."