दातातली पोकळी

हे लिहिणारच नव्हतो. मी दातांचे एक्स-रे काढतो, बघून बघून शिकलो. वय वाढतं तशी दातातली पोकळी बारीक होते, त्यावरून बेवारस मयताचं वय काढतात.

पडेगावला सापडलेल्या कवटीचा दात आला. माझा दोस्त अन्सार बाहेर बसलेला. त्याचा पंचवीस वर्षांचा भाऊ इलियास औंदा गायब झालाय.

वय पंचवीसच निघालं.

"चुकला असशील यार. परत काढ," अन्सार म्हणाला.

दुसऱ्या एक्स-रेत चाळीस. मशीन तपासायला माझ्या दाताचा काढला, बरोबर माझं वय, तेवीस. तिसऱ्यात त्या दाताची पोकळी केसाएवढी उरलेली. साठ.

आमचे डॉक्टर साहेब म्हणाले, उद्या चौथा काढ.

अन्सारनं माझा हात धरला. "नको काढू. दर एक्स-रेला इलियास म्हातारा होतोय. मरंल तो."

"नाय काढत," मी शब्द दिला.