भरलेल्या खाटा

वॉर्डात वीस खाटा होत्या आणि वीसच्या वीस भरलेल्या होत्या, पण कुणी खोकत नव्हतं.

तपासनीस बाई दारातच थबकल्या. सरकारी विमा योजनेचा या एका दवाखान्यावरचा खर्च वर्षभरात तिप्पट झाला होता. कुठे पाणी मुरतंय ते बघायला ऑफिसनं त्यांना अचानक धाडलं होतं. त्याआधी बावीस वर्षं त्या नर्स होत्या. भरलेला वॉर्ड कानांना कसा जाणवतो, हे त्यांना पाठ होतं. कण्हणं, डब्यांची झाकणं, नातेवाइकांची कुजबुज. इथे नुसता पंखा फिरत होता. खाटांखाली ना थर्मास, ना पिशवी.

"बघा मॅडम, एक खाट रिकामी नाही," मॅनेजर म्हणाला. "लोकांचा विश्वास आहे आपल्यावर."

बाईंनी पहिल्या खाटेवरच्या माणसाला विचारलं, काय होतंय.

"ताप आणि धाप. चार दिवस झाले."

दुसरा म्हणाला, "ताप आणि धाप. चार दिवस झाले."

पाचव्यापर्यंत तेच, पढवलेल्या पोपटासारखं. सहाव्याच्या हातावरची पट्टी बाईंनी बोटानं उचलली. खाली सुई नव्हती. सलाइनची नळी नुसतीच चिकटवलेली होती. त्यानं डोळे मिटून घेतले. मग ओळीनं सगळ्यांनीच मिटले.

शेवटच्या खाटेवर एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"आजोबांना राहू द्या," मॅनेजर हळूच म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

बाईंनी मनगट धरलं. मग मानेशी दोन बोटं लावली. मग पापणी वर केली. हात गार होता आणि कोपरात ताठरलेला.

"हे गेलेत," त्या म्हणाल्या. "बरेच तास झाले."

कुणी उठलं नाही. एकोणीस माणसं डोळे मिटून तशीच पडून राहिली. शेजारच्या खाटेवरचा तेवढा, ओठ जेमतेम हलवत, बोलला.

"सिस्टर, सकाळी ते छाती धरून बसले होते. पाणी मागत होते. पण तपासणी कधीही येईल, हलायचं नाही, असं सांगितलंय आम्हाला. हललं की त्या दिवसाचा रोज बुडतो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"हाक मारली. हळू."

मॅनेजरनं फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं काहीतरी आलं.

"म्हणजे मॅडम, हा एक पेशंट तरी खरा धरायला हरकत नसावी."

बाई खाटेच्या कडेला बसल्या. आजवर किती जणांचे डोळे त्यांनी मिटले होते, तसे यांचेही मिटले. त्यांनी आधी पोलिसांना फोन केला, मग ऑफिसला. घरच्यांनाही कळवायला हवं होतं. मॅनेजरच्या हातातली फाइल काढून घेऊन त्यांनी आजोबांच्या विमा कार्डाशेजारचा नंबर लावला आणि कार्डावरचं नाव सांगून हे त्यांचंच घर का, असं विचारलं.

"हो, मीच बोलतोय," पलीकडून एक म्हातारा आवाज आला.

बाईंनी नाव पुन्हा वाचलं. जन्मतारीख विचारली. जुळली. पत्ताही जुळला.

"तुम्ही दवाखान्यात आहात," त्या बोलून गेल्या. "म्हणजे, तुमच्या नावानं कुणीतरी आहे."

"मी घरीच आहे, बाई. कार्ड मात्र नाही. तपासणी शिबिर आहे म्हणून कुणी कुणी येऊन घेऊन गेले. परत दिलंच नाही."

बाईंनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. "यांचं खरं नाव काय होतं?"

"इथे नाव विचारत नाहीत, सिस्टर. कार्डावर असेल त्याच नावानं हाक मारायची."

बाईंनी फोनवर सगळं सांगितलं, जेवढं सांगता येण्यासारखं होतं तेवढं.

"माझं नाव घेऊन गेला बिचारा," पलीकडचा आवाज म्हणाला. "जाताना त्याच्याजवळ कुणी होतं का हो?"

बाईंनी वॉर्डभर नजर फिरवली. एकही डोळा उघडा नव्हता.

"होते," त्या म्हणाल्या. "एकोणीस जण."