पिशवीची शेंडी

औषध कंपनीच्या साहेबाने कागद पुढे केला. "सही करा, कौसल्याबाई. तुमच्या रक्तातली प्रतिपिंडं आमच्या पेटंटमध्ये बसतात. यापुढे कुणाला रक्त द्यायचं नाही."

कौसल्या अकरा वर्षं या तापाच्या वॉर्डात सफाई करत होती; तिला स्वतःलाही तो ताप येऊन गेला होता. समोरच्या खाटेवर यमाजी धापा टाकत होता. तिने बांधलेल्या कचऱ्याच्या पिशव्या तोच गाडीत टाकायचा.

"डॉक्टरीणबाई, ह्याला कंपनीचं औषध दिलंत ना?"

"दिलं, मावशी," डॉ. नसरीन म्हणाल्या. "त्यातल्या प्रतिपिंडांनी विषाणू पकडलाय. पण प्रतिपिंडाचं मागचं टोक पांढऱ्या पेशीने धरलं, तरच ती विषाणू गिळते. कंपनीचं टोक नोंदणीची सुई, म्हणजे कंपनीकडे पैसे भरून नाव नोंदवलं की मिळणारी, घेतलेल्यांच्याच पेशींना धरता येतं. यमाजीला ती सुई दिलीच नाही. तुमचं टोक मात्र कुणाचीही पेशी धरते."

कौसल्याला लगेच कळलं. पिशवीला गाठ मारताना ती वर वीतभर शेंडी सोडायची, म्हणजे घाणीला हात न लावता यमाजीला पिशवी उचलता यायची.

"साहेब, शेंडी न सोडता गाठ मारली, तर आमचा मुकादम आईबाप काढतो. तुमचे कुणी काढले नाहीत?"

"बाई, तुरुंगात जाल!"

"जाईन की. तिथंही झाडू असेलच."

तिने कागद कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, गाठ मारली, शेंडी सोडली आणि पिशवी साहेबापुढे धरली. "इथं धरा, हाताला काही लागत नाही."

साहेब तणतणत वॉर्डाबाहेर पडला. मग यमाजीच्या खाटेवर बसून तिने पदर खोचला आणि हात पुढे केला. डॉ. नसरीननी दाराला आतून कडी घातली आणि रक्त काढायची सुई उचलली.