उसनं मडकं

पोटात पुन्हा कळ उठली तशी शाओमानने गुडघे छातीशी ओढले. दर महिन्याला पाळीचा पहिला दिवस असाच जीव काढायचा. गुइफेन मावशी वाफाळती वाटी घेऊन आली. मावशी म्हणजे बाबांची नवी बायको. "आई" हा शब्द शाओमानच्या जिभेवर येत नव्हता आणि मावशीनेही कधी हट्ट धरला नव्हता.

"नाक दाब आणि पिऊन टाक. तांगक्वेइची मुळं आहेत, आलं आहे. काळा गूळही घातलाय भरपूर."

"कडूजहर आहे गं!"

"मग? काढा आहे, खीर नव्हे."

दुपारपर्यंत कळ ओसरली. शाओमान वाटी ठेवायला स्वयंपाकघरात गेली आणि शेगडीवरचं काढा उकळायचं दांड्याचं मडकं पाहून थबकली. दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली. हे तर आजीचं!

आजी, म्हणजे शाओमानच्या गेलेल्या आईची आई, गल्लीच्या पलीकडेच राहायची. पण जावयाने दुसरं लग्न केलं त्या दिवसापासून तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. 'चल ना माझ्याबरोबर' म्हणून शाओमान थकली होती.

"मावशी, तू आजीकडे गेली होतीस?"

"गेले होते. तुझ्यासाठी म्हटल्यावर लगेच दिलं. माझ्याकडे काही बघितलं नाही."

"मी धुऊन देऊन येते."

"खुळी का काय तू!" मावशीने तिचा हात धरला. "काढ्याचं मडकं कुणी परत नेऊन देतं का? दुखणं त्यांच्या दारात ठेवून आल्यासारखं होईल. ज्याचं त्यानेच येऊन न्यायचं असतं."

दोन-तीन दिवस मडकं ओट्यावर पालथं पडून होतं, आणि शाओमानचं सगळं लक्ष दाराकडे.

शेवटी आजी आली. बाहेरूनच खाकरली. "मडकं न्यायला आलेय," असं कुणी न विचारताच म्हणाली. आत येऊन तिने नातीच्या गालावरून हात फिरवला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. मडकं उचलताना तिची नजर तांदळाच्या रांजणामागे गेली. तिथे दुसरं मडकं होतं. नवं कोरं, अजून गवताच्या दोरीत बांधलेलं.

"हे कुणाचं?"

मावशी कानापर्यंत लाल झाली. "घरचंच."

"मग माझ्या दारात कशाला आलीस मागायला?"

मावशीला खोटं बोलता येईना. "तुम्ही यावं म्हणून. पोर रोज वाट बघते तुमची."

शाओमानचा जीव टांगणीला लागला. आता आजी तरातरा निघून जाणार, आणि पुन्हा कधी यायची नाही.

आजीने आपलं मडकं होतं तिथे ठेवलं. वाकून नवं उचललं आणि काखेत मारलं.

"माझं राहू दे इथंच. पुढच्या महिन्यात पोरीला लागेल. हे मी नेते, माझे गुडघे धरलेत, मलाही काढा लागतोच." उंबऱ्यात ती थांबली आणि पहिल्यांदाच मावशीकडे नीट बघून म्हणाली, "परत आणून देणार नाही हो मी, आधीच सांगते. तूच ये न्यायला. आणि येशील ती जेवायच्या वेळेला ये."