छबूबाईची बदली

सकाळचा भोंगा व्हायच्या आत छबूबाई कारखान्याच्या फाटकाशी हजर. मागं तिची धाकटी जाऊ शालन, पदर दातात धरून.

काल छबूबाईला सांगितलं होतं, उद्यापासून आठ दिवस यायचं नाही, रजा आहे. ऐकून तिला वाटलं, जागा गेली. आधी ती राबायची त्या रहाटणीच्या मळ्यात एका बाईची जागा आज रिकामी दिसली, की उद्या तिथं दुसरी खुरपं घेऊन बसलेली असते. म्हणून आपल्याला जमत नसलं की घरातलं माणूस बदली धाडायचं, ही रीत. इथं हौदापाशी बसून औषधाच्या बाटल्या तर धुवायच्या, त्या काय, शालनही धुईल.

टाइमकीपर उद्धवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही आज कशा?"

"मी न्हाई, ही. आठ दिस माज्या जागी राबंल. हिच्या हातून काच फुटत न्हाई, रावसाहेब."

"अहो, कुणी राबायचं नाही! तुमची रजा आहे."

"आन् माजा रोज?"

"तो चालू."

छबूबाईला वाटलं, थट्टाच चाललीय. तेव्हा उद्धवरावांनी टाक खाली ठेवला. वीस दिवस काम केलं की एक दिवस रजा नावावर पडते, भरपगारी. तीन वर्षांत छबूबाईनं एक खाडा केला नव्हता. साठत साठत तिची रजा तिसाच्या वर गेली, आणि तिसाच्या वरची पुढच्या सालात नेता येत नाही, बुडते. म्हणून आठ दिवस सक्तीनं घरी. बाकीची राहील तशीच.

"आन् ती न घेताच मी काम सोडलं तर?"

"तेवढ्या दिवसांचा पगार तुमच्या हातात."

"मेले तर?"

"घरच्यांच्या. पण एवढी घाई नको."

छबूबाई हसली नाही. "आन् जागा माजी?"

"तुमचीच. नवव्या दिवशी या, त्याच हौदापाशी बसा."

भोंगा झाला. बाया आत गेल्या. छबूबाईचे पाय दोनदा आपसूक आत वळले, दोनदा तिनं ते मागं घेतले.

परतीच्या वाटेवर ऊन वर आलं. शालन दोन पावलं मागं राहून चालत होती.

"आक्का, आत्ता ह्या घटकेला तुमचा रोज चालू हाय?"

"व्हय."

"चालताना बी?"

"व्हय म्हनं."

वाटेवरच्या बाभळीखाली छबूबाई थांबली. "जरा बसून बघते," म्हणाली, आणि बसली. हात मांडीवर ठेवले. ते तिथंच राहिले.

शालन थोडी लांब टेकली, अंगात आलेल्या बाईजवळ टेकतात तशी. मग हळूच म्हणाली,

"आक्का, बोलू का तुमच्याशी? का त्यानं रोज कापत्यात?"